डिग्री अर्धवट, क्लासची फी सव्वा लाख: काय करू?

भांडुपच्या एका चोवीस वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. नाव आणि ओळख पटेल असा मजकूर काढून टाकलाय. बाकीचं थोडक्यात असं:

बारावीनंतर त्याने बी.एस्सी. आयटीला प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस सुरू झालं आणि कॉलेज सुटलं. अप्लाइड मॅथ्स आणि सीओएसटी, म्हणजे संख्याशास्त्राचा पेपर, या दोन केट्या, म्हणजे सुटायचे राहिलेले पेपर, अजून तशाच आहेत. गेली तीन वर्षं तो एका लहानशा फर्ममध्ये कामाला आहे. फोर्ट, मस्जिद बंदर, काळबादेवीकडची सीएंची, क्लिअरिंग एजंटांची ऑफिसं आणि काही दवाखाने सांभाळायचे. कॉम्प्युटर, प्रिंटर, वायफाय, कॅमेरे, जे बंद पडेल ते चालू करून द्यायचं. पगार १६ हजार, त्यातला बराचसा रोख. मामेभाऊ ऐरोलीला मोठ्या कंपनीत आहे. "त्याच्याकडे बघून वाटतं, आपण आयटीत कधी जाणार?" ठाण्यातला एक क्लास 'फुल स्टॅक', म्हणजे वेबसाइटचं पुढचं-मागचं सगळं कोडिंग, शिकवायचे १ लाख २५ हजार मागतोय. शंभर टक्के प्लेसमेंट, कर्जाची सोय तिथेच. एका मित्राच्या ओळखीचा माणूस ६० हजारांत परराज्यातल्या विद्यापीठाची डिग्री आणि दोन वर्षांचं एक्स्पीरियन्स लेटर देतो म्हणतोय. आई म्हणते आधी ग्रॅज्युएट हो. यूट्यूबवाले म्हणतात डिग्रीला आता कुत्रं विचारत नाही. इंग्रजी कच्चं आहे. कुणाचं ऐकू?

---

मित्रा,

तुला अरेतुरे करतेय. माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे, तेव्हा चालवून घे.

साठ हजारांचं प्रकरण आधी निकालात काढू. मी बरीच वर्षं आयटी कंपन्यांसाठी भरतीचं काम केलंय, त्यामुळे पडद्यामागे काय चालतं ते माहीत आहे. बऱ्यापैकी कुठलीही कंपनी घेताना बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते. काम बाहेरच्या एजन्सीला दिलेलं असतं. एजन्सी मार्कशीटचा नंबर थेट विद्यापीठाकडे पाठवते, आधीच्या कंपनीला मेल करते, आणि पीएफच्या यूएएन खात्यात (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) कुठल्या महिन्यात कोणत्या कंपनीने पैसे भरले ते बघते. दोन वर्षं अमक्या कंपनीत होतो म्हणणाऱ्याच्या खात्यात एक रुपयाही नसला की प्रश्न सुरू होतात. तपास कधी रुजू होण्याआधी होतो, कधी रुजू झाल्यावर बऱ्याच महिन्यांनी, म्हणजे घरात नव्या फ्रिजचे हप्ते सुरू झाल्यावर. नोकरी जाते ती जातेच, वर खोटी कागदपत्रं खरी म्हणून देणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्या मित्राला नाही म्हण, आणि फोनवर त्याच्याशी या विषयावर लेखी काही बोलला असशील तर ते तिथेच थांबव.

मला यात खटकलं ते वेगळंच. दोन वर्षांच्या खोट्या अनुभवासाठी पैसे मोजायला निघालास, आणि तीन वर्षांचा खरा अनुभव तुझ्या गाठीशी आहे. फक्त तो कागदावर कुठेच नाही. पीएफ कायदा साधारणपणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो, त्यामुळे तुमच्या सातआठ जणांच्या फर्मने पीएफ कापला नाही तर त्यात बेकायदा काही नसेलही. पण यूएएन नाही, पगार रोख, नेमणुकीचं पत्र नाही, म्हणजे उद्या तू तीन वर्षं काय करत होतास याला पुरावा काय? तेव्हा पहिलं काम हे: पगार बँकेत घ्यायला लाग. मालकाकडून लेटरहेडवर चार ओळींचं पत्र माग, त्यात रुजू झाल्याची तारीख, हुद्दा आणि कामाचं स्वरूप हवं. भांडून मागू नकोस. लहान फर्मचे मालक अशा पत्राला घाबरतात, पोरगा सोडून चालला असं त्यांना वाटतं. दिवाळीच्या आसपास, हिशोब मिटवताना, बोलण्या-बोलण्यात माग. मजकूर तूच टाइप करून ने, त्यांना फक्त सही-शिक्का करू दे. आणि ज्या ऑफिसांचं काम करतोस त्यांच्याकडून आलेले 'काम झालं, धन्यवाद' असे मेल जपून ठेव.

आता तुझ्या पत्रातला एक परिच्छेद, जो तू 'रोजचंच आहे' म्हणून उडवून लावलास. जुलैच्या शेवटच्या दिवसांत एका सीएंच्या ऑफिसात सगळ्यांची टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, लटकली. रिटर्न भरायची ३१ जुलैची मुदत डोक्यावर. तू आधी नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळी मशीन एकमेकांना जोडणारा डबा, बदलून पाहिलास, फरक पडला नाही, मग कळलं की सर्व्हरची हार्ड डिस्क चाललीय. आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर टाकलास, सगळ्यांच्या मशीनवर फाइलचा नवा पत्ता (पाथ) घालून दिलास आणि रात्री अकराला कुलूप लावून निघालास.

मी मुलाखतीला समोर बसलेली असते, तर पुढचा अर्धा तास एवढ्यावरच बोलले असते. स्विचवर संशय आधी का गेला? सर्व्हरला पिंग लागत होतं का, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली तर तो ओ देत होता का? लागत असेल तर स्विच बदलायची गरज होती का? बॅकअप आदल्या रात्रीचा, मग त्या दिवशी सकाळपासून भरलेल्या नोंदींचं काय केलंस? तिथे सीएची उमेदवारी (आर्टिकलशिप) करणाऱ्या पोरांना पुन्हा बसवलंस की डिस्कवरून काही सोडवता आलं? तो बॅकअप खरंच उघडतो का, हे त्याआधी कधी करून पाहिलं होतंस? या शेवटच्या प्रश्नाला भल्याभल्यांची दांडी उडते, इंजिनिअरांचीसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्या सीएंना काय सांगितलंस, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललंस? मोठ्या कंपनीत याच सगळ्याला इन्सिडंट, रिस्टोअर आणि रूट कॉज अशी नावं आहेत. तिथे ही कामं चार माणसांत वाटलेली असतात आणि तू ती एकट्याने, भुकेल्या पोटी केलीस.

म्हणून मला विचारावंसं वाटतं की 'आयटीत जायचंय' म्हणतोस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर नक्की काय असतं? मला वाटतं, मामेभावाची काचेची बिल्डिंग, गळ्यातला पट्टा आणि महिन्याच्या शेवटी येणारा मेसेज. त्यात वावगं काही नाही, पगार तर हवाच. पण तू आयटीच्या बाहेर उभा आहेस, हे काही खरं नाही. तू आयटीच्या सगळ्यात कमी पगाराच्या, सगळ्यात जास्त पायपिटीच्या टोकाला आहेस. तिथून पुढे सरकायचं आणि शून्यापासून सुरुवात करायची, यांचे रस्ते वेगळे आहेत. क्लासवाल्याने तुला दुसरा विकायला काढलाय.

तुझ्या कामाच्या ओळीत पुढे काय येतं ते बघ. बँकेत किंवा ब्रोकरच्या ऑफिसात डेस्कटॉप सपोर्ट. मग नेटवर्कचं एल-वन काम, म्हणजे मोठ्या पडद्यांसमोर शिफ्टमध्ये बसून लिंक कुठे पडली, कुठे भार वाढला यावर नजर ठेवायची आणि पहिला उपाय करायचा. मग लिनक्स किंवा विंडोज या सिस्टिमवर चालणारे सर्व्हर सांभाळणं, आणि तिथून क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर. मुंबईत राहणाऱ्याला यात एक फायदा आहे, जो पुण्याच्या पोरांनाही तितका नाही. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल्सपैकी बऱ्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. बँका, शेअर बाजार, विमा कंपन्यांची मुख्यालयं इथेच. त्यामुळे डेटा सेंटर्सही इथेच वाढली: ऐरोली, रबाळे, महापे, पवई, चांदिवली. त्या इमारती चोवीस तास चालतात, आणि त्या चालवायला केबल कशी टाकायची, सर्व्हर रॅकमध्ये कसा चढवायचा आणि रात्री तीन वाजता डोकं शांत ठेवून फोनवर कसं बोलायचं, हे येणारी माणसं लागतात. तिथे सपोर्टची बरीचशी भरती थेट मालक कंपनी करत नाही. सेवा पुरवणारे व्हेंडर करतात, थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे काम तिथे आणि पगार व्हेंडरकडून. तुझ्यासारख्याला पहिला दरवाजा बहुधा तोच.

मग डिग्रीचं काय? यूट्यूबवाले आणि तुझी आई, दोघंही अर्धं-अर्धं बरोबर बोलतायत.

डिग्री लागत नाही अशा बातम्या येतात त्या बहुतेक अमेरिकेतल्या असतात. तिथे आयबीएमसारख्या कंपन्यांनी बऱ्याच पदांसाठी पदवीची अट काढली, अशा नोकऱ्यांना 'न्यू कॉलर' असं नावही दिलं. आपल्याकडचं गणित निराळं आहे. इथे एका जाहिरातीला इतके इंजिनिअर अर्ज करतात की ते सगळे वाचायला माणूस पुरत नाही. मग एचआर चाळणी लावतं: पदवीधर, अमुक टक्के, अमुक साली पास. त्या कामाला पदवी लागते म्हणून ही चाळणी नसते. ढीग कमी करायचा असतो. मी स्वतः ती लावलेली आहे, आणि त्यात चांगली माणसं गळतात हे लावणाऱ्याला ठाऊक असतं. तुझा अर्ज जॉब पोर्टलवर या ढिगात पडला तर तो कुणी उघडायच्या आधीच बाद होणार. पोर्टलवर शंभर अर्ज टाकून एकही फोन आला नाही, म्हणून आपल्यात काही कमी आहे असं अनेक मुलं धरून बसतात. त्यांचा बायोडेटा कुणी वाचलेलाच नसतो.

तेव्हा चाळणी नसेल तिथून जायचं. जिथे तुला घेणारा माणूस आणि तुझ्याबरोबर काम करणारा माणूस एकच असतो, अशा जागा शोधायच्या: वीस-पन्नास माणसांच्या कंपन्या, नेटवर्कची कंत्राटं घेणारे, लहान इंटरनेट पुरवठादार. आणि ओळखीतून जायचं. वशिला वेगळा आणि ओळख वेगळी. तू ज्या ऑफिसांत जातोस तिथे बँकेच्या व्हेंडरचा इंजिनिअर येतो, ब्रॉडबँडवाला येतो, टॅलीचा पार्टनर येतो. त्यांच्या कंपन्यांत माणसं लागतच असतात, कारण या कामात माणूस टिकत नाही. त्यांच्याकडे नंबर दे. एक पथ्य मात्र पाळ. मालकाचं गिऱ्हाईक फोडून स्वतःचं काम सुरू करायचा मोह आता नको. त्या बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात.

डिग्रीवाचून अडतं ते कुठे, हेही ऐकून ठेव. बड्या कंपन्यांची कॅम्पस भरती. बहुतेक सरकारी आयटी पदं. सी-डॅक या सरकारी संस्थेचा, पीजी-डॅक नावाने प्रसिद्ध झालेला कोर्स. अमेरिकेत नोकरीसाठी लागणारा एच-वन बी व्हिसा, जिथे पदवी नसेल तर तीन वर्षांचा अनुभव म्हणजे कॉलेजचं एक वर्ष असा हिशोब लावतात. आणि शेवटचं, जे कुणी सांगत नाही: दहा वर्षांनी टीम लीडचा मॅनेजर होताना. तेव्हा कुणीतरी फाइल उघडतं आणि विचारतं, ग्रॅज्युएशन कुठून? आईला हे शब्दांत मांडता येत नसेल, पण तिची भीती याचीच आहे.

म्हणून पहिल्या नोकरीसाठी डिग्रीची वाट बघू नकोस, आणि डिग्री सोडूनही देऊ नकोस. या दोन गोष्टी एकाच रांगेत उभ्या नाहीत.

एक सुट्टी काढून आधी जुन्या कॉलेजच्या ऑफिसात जा. खिडकीवरच्या बाईंना तीन गोष्टी विचार: दोन केट्यांचा फॉर्म आता भरता येईल का, त्या सुटल्या तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का, आणि अभ्यासक्रम बदललाय तर नव्यात बसवतात कसं. विद्यापीठाचे नियम बदलत असतात, त्यामुळे मित्रांनी सांगितलेल्यावर जाऊ नकोस, लेखी मिळालं तर उत्तम. डिजिलॉकरमध्ये क्रेडिट बँकेचं खातं उघडून तुझी जुनी क्रेडिट्स, म्हणजे पास झालेल्या विषयांची जमा, तिथे दिसते का, तेही बघ. तिकडचा रस्ता बंद असेल तर कलिन्याचं दूरस्थ शिक्षण केंद्र आहे, ज्याला सगळे अजून आयडॉलच म्हणतात. इग्नूचं बीसीए आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना पदव्या देतंय. यूजीसीची मान्यता असलेल्या दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का, एवढं स्वतः तपास. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे, जेईई न देता पात्रता फेरीतून प्रवेश मिळतो आणि मध्येच थांबलास तर टप्प्याप्रमाणे सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हातात येतो. पण त्यात गणित आणि संख्याशास्त्र भरपूर आहे, आणि तुझ्या केट्या नेमक्या त्याच दोन विषयांत आहेत. आवड असेल तर बघ, नावाच्या वलयासाठी जाऊ नकोस.

ज्यांच्या घरी यंदा बारावीचं पोर आहे त्यांच्यासाठी जाता जाता: एचसीएलचा टेकबी कार्यक्रम गणित घेऊन बारावी झालेल्यांना प्रशिक्षण, नोकरी आणि पुढे नोकरीबरोबर पदवी असा रस्ता देतो. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीची तमिळनाडूत स्वतःची शाळा आहे, ती बारावी-डिप्लोमावाल्या मुलांना विद्यावेतन देऊन शिकवते. दोन्हींच्या अटी नीट वाचा. दहावीनंतर आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) ट्रेड एक वर्षाचा आहे, पॉलिटेक्निकचा कॉम्प्युटर डिप्लोमा तीन वर्षांचा. तुझ्या वयाला, मित्रा, यातलं फारसं काही लागू नाही.

आता तो क्लास. सगळे क्लास लुबाडतात असं मी म्हणणार नाही, शिस्त लावायला काहींना क्लास लागतोच. पण त्यांच्याकडे सही करायला दिलेला कागद घरी आण आणि 'प्लेसमेंट' हा शब्द कुठे कुठे येतो ते पेनाने अधोरेखित कर. बहुतेक ठिकाणी असं सापडेल: हजेरी अमुक टक्के असेल तर, त्यांच्या परीक्षेत अमुक गुण असतील तर, आणि मग ते तुला काही मुलाखतींना 'पाठवतील'. मुलाखतीला पाठवलं की त्यांची गॅरंटी पूर्ण झाली. नोकरी कोणत्या पदाची, कुठे, किती पगाराची, याचा उल्लेख सापडला तर मला कळव, मला आश्चर्य वाटेल. दुसरा कागद असतो फायनान्स कंपनीचा. क्लास म्हणतो 'हप्त्याने भरा', पण हप्ता क्लासला जात नाही. फायनान्स कंपनीने फी एकरकमी क्लासला दिलेली असते आणि तू तिचा कर्जदार झालेला असतोस. क्लास बंद पडला, शिकवणारा पळाला, तुला आवडलं नाही, तरी दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून पैसे जाणार. बाउन्स झाले की दंड आणि सिबिल खराब. सोळा हजारांत, घरात डायलिसिस असताना, हे अंगावर घेऊ नकोस. आणि 'सीट राखायला पाच हजार रविवारपर्यंत भरा' असं सांगितलंय ना तुला? सव्वा लाख देणाऱ्याला सीट रविवारनंतरही मिळते.

शिवाय मला एक कळलं नाही. पूर्ण पत्रात तू कोडिंग आवडतं असं कुठेच लिहिलेलं नाहीस. फुल स्टॅक का? सगळे करतात म्हणून? त्या दारात आज सगळ्यात जास्त गर्दी आहे. इंजिनिअरिंगची मुलं, बूटकॅम्पची मुलं, आणि आता सोपी वेबसाइट एआयच बनवून देतं. तीन वर्षांचा नेटवर्कचा अनुभव बाजूला ठेवून त्या गर्दीत फ्रेशर म्हणून सगळ्यात मागे का उभा राहतोस?

कोडिंग खरंच करून बघायचं असेल तर आपल्या कामातूनच सुरू कर. रोज सकाळी दहा ऑफिसांत फोन करून 'बॅकअप झाला का' विचारत असशील. पायथनमध्ये किंवा पॉवरशेलमध्ये छोटी स्क्रिप्ट लिही, जी प्रत्येक सर्व्हरवर बॅकअपची फाइल आलीय का, तिचा आकार कालच्यापेक्षा एकदम कमी तर नाही ना, हे बघून तुला मेल करेल. चारशे ओळींचं शॉपिंग कार्ट शंभर जणांच्या बायोडेटात असतं. ही स्क्रिप्ट तुझ्याकडेच असेल, आणि ती का लिहिली हे सांगताना तुला अडखळायला होणार नाही. गिटहबवर, म्हणजे आपला कोड लोकांना दाखवायच्या साइटवर, टाकताना गिऱ्हाइकांची नावं, आयपी, पासवर्ड काढून टाक. हे न करणारे उमेदवार मी पाहिलेत, त्यांना त्या एकाच कारणासाठी घरी पाठवलंय.

शिकायला काय लागेल? माझं मत विचारशील तर नेटवर्किंग आणि लिनक्स. सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या सीसीएनए परीक्षेला पदवीची अट नाही, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, परीक्षेची फी ३०० डॉलर आणि वर कर. रक्कम मोठी आहे, म्हणून तयारी पक्की होईपर्यंत फॉर्म भरू नकोस. सरावासाठी सिस्कोचंच पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. लिनक्स जुन्या लॅपटॉपवर टाक. हात बसल्यावर रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए ही लिनक्सची परीक्षा बघ, ती पूर्ण प्रात्यक्षिक परीक्षा असते, पाठांतराला तिथे वाव नाही. एनपीटीईएल या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे नेटवर्कचे, ऑपरेटिंग सिस्टिमचे कोर्स फुकट बघता येतात. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात तू जातच असशील. कुणा ऑफिसने काढून टाकलेला मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच तिथे स्वस्तात मिळाला तर घे. सॉफ्टवेअरमध्ये शंभर वेळा व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं) बनवले तरी खऱ्या स्विचचा कन्सोल पोर्ट पहिल्यांदा हाताळताना जी फजिती होते, ती घरीच झालेली बरी.

बायोडेटा एका पानाचा कर. शिक्षण खाली, काम वर. शिक्षणात सरळ लिही: बी.एस्सी. आयटी, मुंबई विद्यापीठ, अपूर्ण. 'अपूर्ण' हा शब्द खाऊ नकोस, मुलाखतीत विचारलं तर वडिलांचं आजारपण दोन वाक्यांत सांग आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघ, त्याचं भांडवल नको. कामात 'हार्डवेअर अँड नेटवर्किंग' असं गुळमुळीत लिहू नकोस. किती ऑफिसं, किती मशीन, कोणते सर्व्हर, किती कॅमेरे, आणि जुलैचा तो प्रसंग तीन ओळींत. मामेभावाला रेफर कर म्हणून गळ घालण्याआधी त्याला हे पान दाखव आणि रविवारी तासभर मुलाखत घ्यायला सांग. इंग्रजीचं ओझं जरा जास्तच घेतलंयस. सपोर्टच्या मुलाखती मुंबईत बऱ्याचदा हिंदी-इंग्रजी मिसळूनच होतात. खरं इंग्रजी लागतं ते तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, आणि मेलमध्ये: काय बिघडलं, काय केलं, आता स्थिती काय. रोज रात्री त्या दिवसाच्या एका कॉलबद्दल अशा तीन ओळी लिहायची सवय लाव. चुका होतील, होऊ देत, आजकाल दुरुस्त करून द्यायला फोन आहेच.

वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि न्यायला-आणायला तूच असतोस असं लिहिलंयस. नेटवर्कच्या कामात शिफ्ट फिरत्या असतात. मुलाखतीत पगाराच्या आधी हे विचारायला लाजू नकोस: रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, किती दिवस आधी लागतो, शिफ्ट आपसांत बदलता येते का, रात्रपाळीला गाडी मिळते का. भांडुपहून ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बरने ऐरोली हे दिवसा सोपं आहे, रात्री एकनंतर लोकलच नाही. काही घरांत रात्रपाळी उलट सोयीची पडते, दिवसा माणूस घरी असतो. तुमच्याकडे कसं जमेल ते आईशी बसून ठरव, तिला न विचारता हो म्हणू नकोस.

ऑफर येईल तेव्हा ती बहुतेक थर्ड पार्टी पेरोलवरची असेल, आणि पगार तुझ्या अपेक्षेपेक्षा कमी असेल. पीएफ कापत असतील, कंपनीचा मेल आयडी मिळत असेल, तर वर्षभरासाठी तो पगार घे. त्या वर्षाची यूएएनवरची नोंद पुढच्या नोकरीत वसूल होते. नोकरी देण्यासाठी 'डिपॉझिट' मागणारा, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेणारा, दोन वर्षांचा बाँड लिहून घेणारा भेटला तर उठून ये. लेखी ऑफर हातात पडेपर्यंत सध्याच्या मालकाला काही बोलू नकोस, आणि पडली की आधी रुजू व्हायची तारीख बघ. ते 'सोमवारपासून या' म्हणतील, तू महिन्याभराची मुदत माग. मस्जिद बंदरच्या त्या सगळ्या ऑफिसांचे पासवर्ड, बॅकअपच्या वेळा आणि कुठली वायर कुठे जाते ते सध्या फक्त तुझ्या डोक्यात असणार. ते वहीत उतरवून जागेवर येणाऱ्या मुलाला द्यायला तेवढे दिवस लागतील.